पर्समध्ये मावणारा कॅमेरा

"वहिनी, मोठ्याच्या नादी लागू नका. पर्समध्ये मावतो तोच कॅमेरा रोज हातात येतो," समोरच्या दारातल्या श्रीदेवीनं मला बजावलं होतं. मी "बघू की" म्हणून हसले. मनात आलं, माझा हिच्यापेक्षा चांगला निघेल ही भीती वाटतेय हिला.

ती शाळेत शिकवायची, एकटी राहायची. तिचा तळहाताएवढा कॅमेरा डब्याच्या पिशवीत असायचा. संध्याकाळी ती आली की माझी दहा महिन्यांची वैष्णवी माझ्या कडेवरून तिच्याकडे झेपावायची. घरातल्या उजेडात माझ्या मोबाइलवर पोरीचा चेहरा पुसट यायचा. श्रीदेवीच्या फोटोत पापणीचा केस न केस दिसायचा. माझ्या नवऱ्यानं, गुरुलिंगनं, तिनं काढलेला फोटो डीपीला लावला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

नव्या पेठेतल्या दुकानदारानंही छोटाच पुढं केला. अंग लहान असलं तरी सेन्सर मोठा आहे, कमी उजेडात चांगला चालतो, म्हणाला. मी लांब झूमचा, गळ्यात अडकवायचा घेतला. बॅगेतून काढून टोपण उघडेपर्यंत वैष्णवीचं हसू संपायचं. ते नळकांडं पुढं आलं की भोकाडच पसरायची.

मग तिला ताप आला. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट काढ, पण मनातल्या मनात म्हण. एम.एस्सी. झालेली मी, मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन मुद्दाम दाराबाहेर आले आणि मोठ्यानं म्हटलं, "आल्यागेल्याची, फोटो काढणारीची, सगळ्यांची दृष्ट जळून जाऊ दे."

श्रीदेवीचं दार अर्धं उघडं होतं. ते हळूच लागलं.

तिसऱ्या दिवशी वैष्णवीच्या हिरडीतून दात वर आला, ताप उतरला. मी त्या दारावर थाप मारायला दोनदा गेले आणि दोनदा परत आले. जूनमध्ये तिची अकलूजला बदली झाली. जाताना ती सासूबाईंच्या पाया पडली. मी आत कुकरपाशी उभी राहिले.

आता मी तो मोठा विकून छोटाच घेतलाय. वैष्णवी चालायला लागली, तो फोटोही मिळाला. पण जूननंतरच्या एकाही फोटोत मी नाही. वैष्णवीला कडेवर घेऊन हसणारी मी शेवटची दिसते ती श्रीदेवीच्या फोटोत.

श्रीदेवीला दमा आहे. पंप कुठं ठेवला ते विसरते. इथं रोज झोपायच्या आधी मीच विचारायचे. बारा दिवस झाले, तिचा फोन बंद आहे. शाळेत विचारलं तर रजेवर आहे म्हणाले, पत्ता दिला नाही. तुमच्यापैकी कुणी अकलूजला राहत असेल, तर डब्याच्या पिशवीत छोटा कॅमेरा ठेवणाऱ्या श्रीदेवी मॅडम कुठं राहतात, तेवढं विचारा. दार वाजवा. उघडायला वेळ लागला तरी परत फिरू नका, आणि आधी पंपाचं विचारा.