तीनदा येणारी ओळ

"पावणे, ती पेटी टेबलावरनं खाली घ्या," गंगाराम म्हणाला. "तिथं माझं मशीन बसतं."

पेटी म्हणजे टेपरेकॉर्डर. नवऱ्या मुलाचा मामा सदू लोटे गावातल्या एका कंपनीत कामाला होता, आणि आखातातून परतलेल्या कुणा दोस्ताकडून त्यानं हे चकचकीत धूड मिळवलं होतं. मिरवायला लग्नाच्या मांडवासारखी दुसरी जागा कुठली? सदूचं म्हणणं असं पडलं, की पंच्याऐंशी साल उजाडलं, आता रेकॉर्डी कोण वाजवतो. आणि नवरीच्या बापानंच स्पीकरवाल्यासारखं कोपऱ्यात बसायचं, हे बरं दिसतं का?

गंगारामनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खांद्यावरच्या पंच्यानं टेबल पुसलं आणि आपलं रेकॉर्डीचं मशीन मांडलं. मालन ही त्याची एकुलती एक लेक. तिच्या पाठवणीचं गाणं तो स्वतःच्या हातानं लावणार होता. ब्रह्मदेव खाली उतरला असता तरी गंगारामनं त्याला पानावर बसवलं असतं, पण ती खुर्ची दिली नसती.

नोकरी म्हणाल तर मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पहारेकऱ्याची. पण पहारेकरी गंगाराम म्हणून विचारलंत तर कुणी घर दाखवलं नसतं. स्पीकरवाला म्हणा, थेट अंगणात आणून सोडतील. मिरजोळ्यापासून पूर्णगडापर्यंत चारशेच्या वर लग्नं त्यानं वाजवली होती. ट्रंकेत दीडशे रेकॉर्डी, आणि कुठली कुठे आहे ते डोळे मिटून सांगेल असा गडी. हळदीला कुठलं गाणं, वरातीला कुठलं, हे त्याला कुणी शिकवायचं नाही. पंगतीला तो मुद्दाम ठसक्यातली गाणी लावी. माणसं भराभर जेवून उठतात आणि दुसरी पंगत वेळेवर बसते, हा त्याचा शोध.

हा नाद लावला राजिवड्याच्या कमालनं. कमाल बोटीवर खलाशी. ऐन विशीत त्यानं मुंबईहून मशीन आणि पहिली रेकॉर्ड आणली आणि दोघांनी ती एका दुपारी सोळा वेळा ऐकली. सतराव्या वेळी कमालची आई मैमुना लाटणं घेऊन बाहेर आली, तेव्हा कुठे थांबले. पुढं ते मशीन आणि ती रेकॉर्ड कमालनं गंगारामलाच देऊन टाकली. तेच हे पाठवणीचं गाणं. नाव सांगत नाही. ज्यानं त्यानं आपल्या घरच्या लग्नातलं आठवावं. लेक उंबऱ्याचा निरोप घेते, अशी एक ओळ त्यात होती. ऐकून बायका रडत, आणि पुरुष विडी शोधायच्या निमित्तानं खिसे चाचपत. गाणं संपल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा रिवाजच मग पडून गेला.

पण बासष्ट साली पूर्णगडच्या एका लग्नात घोटाळा झाला. आढ्यावरची कोंबडी फडफडत आली ती नेमकी फिरत्या रेकॉर्डवर. कोंबडी वाचली, रेकॉर्डीवर मात्र चीर पडली. तेव्हापासून उंबऱ्याची ओळ आली की सुई मागे उडी मारी आणि तीच ओळ पुन्हा लागे. बोट लावलं नाही तर प्रलयापर्यंत तीच ओळ. गंगारामनं डोकं लढवलं. तीनदा येऊ द्यायची आणि मग करंगळीनं हलकेच सुई पुढं ढकलायची. तेवीस वर्षं हे असंच चाललं. गंमत म्हणजे गावोगावच्या बायका गाणं शिकल्या ते याच रेकॉर्डीवरून. भातलावणीच्या चिखलात गातानासुद्धा त्या ती ओळ तीनदाच घेत. रेडिओवर एकदाच आली, तेव्हा रेडिओवाली विसरली असं सगळ्यांचं मत पडलं.

हे सदूला कुठून ठाऊक असणार? पहिली पंगत बसल्यावर त्यानं हौसेनं आपली पेटी सुरू केली, आणि दैव बघा, टेपवर तेच गाणं. आवाज अगदी काचेसारखा. बायकांनी वाढता वाढता सूर धरला. उंबऱ्याची ओळ आली. टेप पुढं निघून गेली आणि बायका दुसऱ्यांदा उंबऱ्यावर. मांडवभर एकच गोंधळ. मालनच्या सखूआत्यानं भाताचं भांडं खाली ठेवलं आणि तुमची पेटी बिघडलीय, मधलं खाते, असं सदूला तोंडावर सांगितलं. बिचाऱ्यानं स्वतःच वायर काढली. गंगाराम हसला नाही, पण मिशी तेवढी हलली.

एवढा जिंकलेला माणूस, त्याला बायकोनं एका वाक्यात खाली आणलं. पान लावून देता देता काशी म्हणाली, "ओ, पोरीला गाडीत कोन बसवनार? की हितनंच हात हलवनार?"

गाणं चालू असताना मशीन सोडायचं नाही, हा त्याचा नेम. त्यात सुईला बोटही लागणार. एका माणसानं दोन्ही ठिकाणी कसं असायचं?

"चारशे पोरी पाठवल्यात मी हितनं," तो म्हणाला.

"त्या लोकांच्या होत्या," काशी म्हणाली आणि आत गेली.

चार वाजता गाडी लागली. मालन मशीनपाशी येऊन त्याच्या पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिनं काही बोलायच्या आत सुई टेकवली. ती गेली, गाडीत बसली. मांडवावरच्या कर्ण्यातून गाणं अंगणभर पसरलं.

उंबऱ्याची ओळ आली. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा आली. गंगारामनं करंगळी पुढं केली आणि ती हवेतच राहिली.

चौथ्यांदा. पाचव्यांदा. ड्रायव्हरचा हात किल्लीवर. बायकांना आधी वाटलं, विसरला. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबल्या नाहीत, गातच राहिल्या. ही ओळ संपली की पोर गेली, एवढंच गंगारामला कळत होतं. इतक्या बापांना त्यानं या ओळीवर रडताना पाहिलं होतं, आणि आपण कसे नेमके बोट लावतो याचा त्याला अभिमान होता. तेच बोट आता त्याचं ऐकेना. सदू काही सांगायला म्हणून जवळ आला, आणि खाली बघत उभा राहिला.

नवव्यांदा ओळ लागली तेव्हा मालन गाडीतून उतरली. हळदीच्या अंगानं, हिरव्या चुड्यानं, सगळा मांडव ओलांडून ती टेबलापाशी आली.

"नाय जमत गो," गंगाराम म्हणाला.

"म्हाइत्ये मला. सरक."

रांगत होती तेव्हापासून ती या मशीनजवळ वाढलेली. तिनं करंगळी टेकवली आणि सुई पुढं ढकलली. पुढची ओळ लागली. मग तिनं त्याचा हात धरला आणि त्याला खुर्चीतून उठवलं.

गाणं मागे एकटं वाजत होतं आणि बाप लेकीला गाडीपर्यंत घेऊन चालला होता. त्यानं दार उघडलं, तिला बसवलं, पदर आत सारून दार लावलं. तेवढ्यात गाणं संपलं. कर्ण्यातून सुईची नुसती खरखर येऊ लागली. गाडी हलली, वळणाला लागली, दिसेनाशी झाली. खरखर चालूच होती. ती थांबवायला गंगाराम गेला नाही.