विरूची जेवणाची सुट्टी

"काकाजी, तुमचं हे मशीन तर परदेशात राहून राहिलं!" स्टुलावर उभी असलेली तृप्ती भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे पाहून हसली. "याच्यात मेलबर्नची वेळ पडली आहे. म्हणून तर..."

गोपीचंदांनी ओठांवर बोट ठेवलं. खाटेवर त्यांच्या बायकोचा, रंभाबाईंचा डोळा लागला होता. तुमसरहून स्कूटीवर आलेली ही एसी दुरुस्त करणारी पोरगी समजूतदार होती. ती गुपचूप खाली उतरून ओसरीत आली.

रंभाबाईंना लकवा झाला, तेव्हा मुलगा वीरेंद्र मेलबर्नहून आठ दिवसांसाठी मोहाडीला आला होता. जाताना त्याने आईच्या खोलीत एसी बसवला आणि त्याचं तापमान सांभाळणारी ही डबी नेटला जोडून दिली. बाबांनी भलतीच बटणं दाबू नयेत म्हणून तिला फोनवरूनच कुलूपही लावलं. "मी तिकडून पाहतो," म्हणाला. तेव्हापासून एसी सकाळीच सुरू व्हायचा, हल्ली रोज साडेआठला, आणि साडेबाराला, छप्पर तापायला लागलं की नेमका बंद. मग पाच वाजेपर्यंत गोपीचंद ओलं फडकं घेऊन बायकोच्या उशाशी बसायचे. या आठवड्यात तिला दोनदा भोवळ आली. डॉक्टर रागावले, तेव्हा कुठे त्यांनी तृप्तीला बोलावलं.

इतके दिवस बोलावलं नाही, त्याला कारण होतं. रंभाबाई रोज साडेआठला छताकडे पाहून म्हणायच्या, "तिथं एक वाजला. विरूची जेवणाची सुट्टी झाली. डबा उघडाच्या आधी मायची आठवण करते पोरगा." साडेचार तासांचा हा हिशेब गोपीचंदांनीच तिला करून दिला होता. आणि खोटं कशाला सांगायचं, त्यांनाही तो पटला होता. होळीपासून विरूचा फोन नव्हता, पण एसी रोज लागत होता ना!

"म्हणजे तिकडून कोणी लावत नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही जी. एकदा वेळ टाकली का आपोआप होते. एक ते पाचच टाकलं आहे त्यानं, पण नेटवरचं खातं त्याचं, म्हणून वेळ त्याच्या गावची पडली. फेब्रुवारीपासून कोणी हातच नाही लावला याले."

छत्तीस वर्षं गोपीचंद राइस मिलमध्ये टाइमकीपर होते. त्यांचा भोंगा ऐकून अर्धी मोहाडी घड्याळ लावायची. मिनिटभर उशिरा आलेल्या हमालाला फाटकाबाहेर उभं करणारा हा माणूस, आणि त्याच्याच घरात तीन महिने घड्याळ चुकलं होतं.

"कुलूप काढाले पुरं रिसेट करावं लागन," तृप्ती म्हणाली. "मग हे तुमच्या फोनले जोडू. पण तुमच्या पोराले तिकडून नाही दिसणार."

"नाही दिसलं तरी चालते," गोपीचंद म्हणाले. "दिसत होतं, तवा कोण पाहून राहिलं होतं?"

डबी रिसेट करून तिने गोपीचंदांच्या फोनवर भारताची वेळ निवडली. घड्याळ साडेचार तास मागे आलं.

"रोज एक ते पाच टाकू?"

गोपीचंद खाटेकडे नजर टाकून म्हणाले, "बरोबर एक नोको, बेटा. सोमवारी एक वाजून सात. मंगळवारी एकाले पाच कमी. बुधवारी एक वाजून तीन. गुरुवारी थोडा उशीर होऊ दे, एक वीस."

"असं काहून जी?"

"माणूस रोज ठोक्यावर येते का?"

मिलमध्ये हे वाक्य त्यांनी कोणालाही बोलू दिलं नसतं. तृप्तीने त्यांच्याकडे पाहिलं, मग खोलीकडे. ती एकेक वार टाकत गेली.

"रविवारी?"

"रविवारी लवकर. सुट्टी रायते त्याले."

दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजून गेले तरी थंड हवा आली नाही. "आज विसरला का जी विरू?" रंभाबाईंचा चेहरा एवढासा झाला.

"ड्युटी बदलली त्याची," गोपीचंद पाठमोरे होऊन म्हणाले. "आता संध्याकाळी कामावरून सुटला का लावन."

"तुमाले फोन आला होता?"

"हो. तू झोपली होती."

एक वाजून सात मिनिटांनी डबी वाजली. खोलीत गारवा पसरू लागला.

"तिथं किती वाजले?"

"साडेपाच होऊन गेले."

"थकून आला असन बिचारा. तरी आधी हेच काम." रंभाबाईंनी चालत्या हाताने चादर छातीपर्यंत ओढली. त्या दुपारी त्यांना गाढ झोप लागली.

कोणत्या वारी कोणती वेळ, हे गोपीचंदांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. आठ-दहा दिवसांत त्यांच्याही डोक्यातून ते गेलं. एका गुरुवारी एक वाजून गेला, सव्वा झाला, तरी डबी गप्पच. दारातून उन्हाची झळ येत होती. गोपीचंद खोलीत दोनदा फिरले, एकदा उगाच डबीपाशी जाऊन आले.

"आज उशीर झाला त्याले," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

"बसा जी," रंभाबाई म्हणाल्या. "काम असन. लावते तो."

ते खाटेच्या कडेला बसले. तिचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने डबी वाजली, आणि गोपीचंदांनी पटकन मान वर केली.