आत्ता कुणाला बदलू नका

हरणाऱ्या टीमचा पाठीराखा व्हायचं तर कातडी गेंड्याची लागते. माझी आहे. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन खाऊन तयार झालीये. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमनं या वर्षी इतका मार खाल्ला, की पाहुण्या टीमच्या पोरी बसमधून उतरतानाच हसायच्या. तरी मी प्रत्येक मॅचला हजर, कारण टीममध्ये माझी भाची आहे, बारकी. आहे म्हणजे बाकावर आहे. पहिल्या वर्षापासून बाकावरच आहे.

त्या दिवशी तिची कॉलेजातली शेवटची मॅच होती. म्हणून तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, पहिल्यांदाच बघायला आली होती. ती हॉस्पिटलच्या चादरी धुण्याच्या खात्यात कामाला आहे. सुट्टी मागायची म्हटलं की ती चार दिवस नुसती चालढकल करते. तरी तिनं मागितली.

"दादा, दोन मिनिटं जरी आत गेली ना, तरी पोरीचं मन शांत होईल," ती म्हणाली. "मला दुसरं काही नको."

"जाईल गं," मी म्हटलं. "न जाऊन सांगते कुणाला!"

समोरची टीम बघून तर माझी खात्रीच पटली. नवं कॉलेज, जेमतेम सहा पोरी, त्यातली एक आधीच लंगडत होती. आमच्या पोरींनी फेकलेला प्रत्येक बॉल जाळीत. अर्धी मॅच झाली तेव्हा आम्ही तीस पॉइंटांनी पुढे!

आता माणसानं खूश व्हावं की नाही? पण छे! आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर बसलेली सगळी वर्षभर हरण्याची सवय झालेली मंडळी. बेकरीवाल्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हे पाय वर्षभर कुठे गहाण टाकले होते गं तुम्ही?" त्यांचा नवरा म्हणे, "म्हणजे इतके दिवस खेळता येत होतं आणि मुद्दाम आमचा वेळ घालवला!" एक बॉल हुकला की अशी बोंबाबोंब, जणू घराला आग लागलीये. आणि सगळ्यांत वरचा आवाज माझ्या मागे बसलेल्या पेन्शनर काकांचा. माणूस पोस्टातून निवृत्त झालाय, पण घसा अजून नोकरीवर आहे.

थोड्या वेळानं सर उठले. सर म्हणजे टीमचे कोच. त्यांनी बाकाकडे बोट केलं आणि बारकी ताडकन उभी राहिली. जॅकेटची चेन खाली ओढली. बहिणीनं माझा हात असा दाबला की नखं रुतली.

तेवढ्यात मागून काका ओरडले, "ओ सर! आत्ता कुणाला बदलू नका!"

झालं! मोसमाच्या सुरुवातीला एका मॅचमध्ये आम्ही बारानं पुढे होतो. सरांनी दोन पोरी बदलल्या आणि होतं नव्हतं ते सगळं घालवलं. तेव्हापासून या लोकांच्या डोक्यात एकच किडा, जिंकत असताना माणूस बदलायचा नाही. एकानं सुरू केलं की बाकीचे लागलेच. "बदलू नका! बदलू नका!" बेकरीवाल्या बाई तर पाय आपटत होत्या.

सरांनी पायऱ्यांकडे पाहिलं. वर्षभर याच लोकांनी त्यांना नको नको ते ऐकवलं होतं. त्यांनी तळहात खाली दाबून खूण केली, आणि बारकी बसली. चेन पुन्हा गळ्यापर्यंत ओढून घेतली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे वळून मी म्हटलं, "अहो काका, पस्तीसनं पुढे आहोत! आता काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुम्हाला काय कळतंय? तेव्हाही असंच वाटलं होतं!"

"ती माझी भाची आहे, शेवटची मॅच आहे तिची!"

"मग तिला जिंकायला नकोय का?"

डोकं फोडून घ्यायचं राहिलं होतं. चाळीस झाले, पन्नास झाले. पलीकडच्या लंगडणाऱ्या पोरीला तर रडू फुटलं होतं. मी दोनदा खाली उतरून सरांच्या नावानं ओरडलो, आणि दोन्ही वेळा आमच्याच लोकांनी मला "खाली बसा" म्हणून गप्प केलं. बहीण अधूनमधून एवढंच विचारायची, "आता जाईल ना?" तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

हूटर वाजला तेव्हा आम्ही साठनं जिंकलो होतो. सगळे मैदानात घुसले, नाचायला लागले. काका घामाघूम होऊन बहिणीला सांगायला आले, "बघितलंत ताई? शेवटपर्यंत एकीलाही बदलू दिलं नाही!"

ती काकांच्या शेजारून निघून सरळ सरांसमोर जाऊन उभी राहिली. सरांची कॉलर धरायचीच म्हणून मी मागोमाग.

"सर, माझ्या मुलीचं काही चुकलं का?"

सर गोंधळले. "नाही हो ताई. फार कष्टाळू पोर आहे."

"मग?"

"लोक ऐकेनात, तुम्ही बघितलंच की." जवळ येऊन उभ्या राहिलेल्या बारकीच्या खांद्यावर त्यांनी थोपटलं. "पुढच्या वर्षी नक्की. शब्द देतो."

"सर, माझं हे शेवटचं वर्ष आहे," बारकी म्हणाली.

"अरे! हो का?"

रोज सकाळी हिची हजेरी घेणारा माणूस! माझ्या तोंडाशी आलेल्या सगळ्या शिव्या एकदम अपुऱ्या पडल्या.

तेवढ्यात काकांनी फोन वर धरला. "चला, फोटो! फक्त खेळाडू थांबा, बाकीच्यांनी बाजूला व्हा!"

गर्दी मागे सरकली. बारकीही सरकली.

"तू कुठे निघालीस?" माझी बहीण ओरडली. आयुष्यात तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. नाचणारेसुद्धा थांबले. "उभी राहा तिथे, सगळ्यांच्या मधे!"

"असू दे गं आई," बारकी म्हणाली. "ते खेळाडूंना बोलावतायत."