एका हातानं उघडणारं अवजार

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. जागेश्वर. आता कोणाची लाज धरू?

गोंदियाच्या बाजारात पहिल्या दुकानदारानं अवजार माझ्या हाती दिलं. खरं गिऱ्हाईक माझ्या बाजूले उभं, शर्टाची डावी बाही कोपरापाशी गाठ मारलेली, अन् हा माणूस मले समजावून राहिला, "ये देखिये भाभीजी, पक्कड, चाकू, पेचकस, सब एक में." मी म्हटलं, "वायरमन हे आहेत बाप्पा, यांच्या हाती दे." तो कानकोंडा झाला. जागेश्वरनं अवजार उलटंपालटं करून पाह्यलं अन् परत काचेवर ठेवलं. चाकू काढायले नखापुरती खाच होती. एका हातानं धरायचं अन् दुसऱ्या हाताच्या नखानं ओढायचं. दुसरा हात कुठून आणायचा?

तो हात सहा महिन्याआधी राईस मिलच्या पट्ट्यात गेला. मिल आमच्या गावापासून जवळच, कोहमाऱ्याच्या रस्त्यावर. जागेश्वर तिथं पंधरा वर्षं वायरमन. मोटर बंद पडली की शेठ आधी त्याचं नाव घ्यायचा, मग देवाचं. हात गेल्यावर हा माणूस पाच महिने घरात बोलला नाही. मी समजावलं, मग शिव्या दिल्या, तरी नाही. एक दिवस विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेला दिसला. मी जाऊन बाजूले बसली अन् म्हटलं, "उठत असाल तं उठा, नाही तं मीबी इथंच बसते." बऱ्याच वेळानं उठला.

मग शेठचा निरोप आला. नवे धान यायच्या आधी ये, शिडीवर चढून मोटरच्या वायरीचा एक जोड एकट्यानं करून दाखव. जमलं तं जागा तुझी, नाही तं चौकीदार म्हणून गेटवर बस.

"गेटवर मी बसणार नाही," जागेश्वर म्हणाला. पाच महिन्यात ते पहिलं धड वाक्य.

आता अवजारांची थैली घेऊन एका हातानं शिडी चढता येत नाही. म्हणून खिशात मावणारं, सगळं एकातच असलेलं अवजार पाहिजे होतं. रोज अंगावर राहील असं. तो म्हणे, "तेवढं सापडलं तं मी माणसात आलो." मले तं देव पाहिजे नव्हता, तेवढं अवजार पाहिजे होतं.

दुसऱ्या दुकानात चाकू एका हातानं उघडला, पण पातं जागेवर अडकत नव्हतं, जरा दाबलं की बोटावर मिटायचं. "पाचच बोटं उरली आहेत," जागेश्वर म्हणाला, "तीबी यालेच देऊ का?" दुकानदारानं दुसरं काढलं. त्याच्या पकडीत स्प्रिंग नव्हती. एकदा दाबली की दाबलेलीच, उघडायले परत दुसरा हात. ते मी नाही, त्यानंच हेरलं. पंधरा वर्षं पक्कड चालवलेला माणूस, त्याले कोण फसवणार?

तिसरं दुकान स्टेशनच्या बाजूले. म्हाताऱ्या दुकानदारानं बाहीची गाठ पाह्यली अन् कपाटातून एक डबी काढली. सरळ जागेश्वरच्या हाती दिली. अंगठ्यानं खटका दाबला, मनगटाले झटका दिला, की पक्कड आपोआप पुढं सरकली. चाकूले अंगठा लावायची जागा बाहेरूनच, पातं उघडलं की कट् करून अडकायचं. पक्कड सोडली की उघडायची. काठ घासून गोल केलेले, तळव्याले रुतत नव्हते. मांडीवर दाबलं की मिटायचं. जागेश्वरनं दहादा उघडलं, दहादा मिटवलं. किंमत भारी होती, पण मी पदराची गाठ सोडून पैसे मोजले.

यष्टीत तो कोहमारा येईपर्यंत तेच करून राहिला. बाजूच्या अनोळखी माणसाले स्वतःहून दाखवलं. मी खिडकीकडं तोंड करून रडून घेतलं. किती दिवसांनी चांगलं रडली.

मग आठ दिवस अंगणात सराव. तो बाजेवर, मी समोर. मी वायर धरायची, तो वरचं रबर सोलायचा, तार पिळायचा, पेच आवळायचा. "जरा वर धर वो," "ढिली सोड." चौथ्या दिवशी त्याले सांगायची गरजच पडली नाही, मले आधीच समजायचं. "पाह्य शामकला," तो म्हणाला, "जमून राहिलं." त्या दिवशी मी नवेगावच्या तळ्यातली मासोळी रांधली. तो पोटभर जेवला.

मिलमध्ये शेठनं स्वतः मेन स्विच पाडला. हमाल गोळा झाले. जागेश्वर कोपराचा थोटका हात पायरीत अडकवत, हळूहळू शिडी चढला. वर गेल्यावर खिशातून अवजार काढलं, झटका दिला. खाली कोणीतरी "वा" म्हटलं. माझी छाती फुगली.

वायरीचं टोक त्याच्या तोंडासमोर लोंबत होतं. थोटक्या हातानं शिडी पकडलेली, उजव्या हातात अवजार. त्यानं पातं वायरीले लावलं, वायर सरकली. परत लावलं, परत सरकली. अन् मग त्यानं खाली पाह्यलं, माझ्याकडं. मले तेव्हा समजलं. हाय रे माझ्या नशिबा, तीन दुकानं फिरलो ते अवजार एका हातानं उघडते का पाहाले. वायर कोण धरणार, हे दोघांपैकी एकालेही सुचलं नाही.

त्यानं वायर दातात धरली. मान वाकडी करून सोलली. ओठ कापला, हनुवटीवर रक्त आलं, तरी सोडत नव्हता.

"जागेश्वर, उतर," शेठ म्हणाला.

"मेन बंद आहे शेठ."

"आज बंद आहे, मी इथं उभा आहे. उद्या कोणी चालू केला तं? मले हे पाप नको. उतर."

शिव्या द्यायले मी तोंड उघडलं, पण काय देऊ? तो बरोबरच बोलून राहिला होता. मी म्हटलं, "शेठ, मी चढते यांच्यासंगं. मी धरीन वायर. मले रोजी देऊ नका."

शेठ माझ्याकडं वळला. "बाई, मग वायरमन कोण?"

परतताना रस्त्यावर जागेश्वर एकदाच बोलला. "आठ दिवस अर्धं काम तूच करून राहिली होती. सांगितलं काऊन नाही?"

"मलेच माहीत नव्हतं हो," मी म्हटलं. खरं तेच होतं. त्याले खरं वाटलं का नाही, मले आजही माहीत नाही.

गेटवर तो गेला नाही. अवजार कुठं ठेवलं, विचारायची माझी हिंमत नाही. तेव्हापासून तो मले काहीच धरू देत नाही. पायजम्याची नाडी दातानं बांधतो, भाकर गुडघ्याखाली दाबून तोडतो. मी समोर बसते अन् हात पदरात गुंडाळून ठेवते.