आवाज चिपमध्ये नव्हताच

दादाच्या गळ्यातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. म्हणजे आवाज कायमचा जाणार. घरात हे वाक्य कुणी पुरं करत नसे. सगळे नुसतं "त्यानंतर" म्हणायचे.

त्यानंतर घरी पडून राहिल्यावर त्याचं मन रमावं, म्हणून मी त्याचा जुना खेळ कॉम्प्युटरवर चालू करायच्या मागे लागले. नाणं टाकून उभ्याने खेळायची ती मोठाली मशिनं दुरुस्त करण्यात दादाची उमेदीची वर्षं गेली. त्यातलं अंतराळात यान उडवून दगड फोडायचं मशीन त्याचं लाडकं. एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरला त्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. त्याला मशीनमधल्या प्रत्येक चिपची फाइल लागते, आणि नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तो रुसलेल्या जावयासारखा अडून बसतो: फाइल सापडत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. शिव्या देत शिकले.

अखेर यान उडालं. पण मुकं. पडद्यावर चार तक्रारी उरल्या: गोळी, इंजिन, स्फोट, जादा जीव. आवाजाच्या चारही फाइली गायब.

"एखादी चिप राहिली असेल," मी म्हणाले.

"ठमे, आवाज चिपमध्ये नव्हताच," दादा घोगरं हसला. "तारा न् कंडेन्सर मिळून काढायचे तो. मी स्क्रू पिळून जुळवायचो. आता खऱ्या मशीनसमोर बसून रेकॉर्ड करायला हवा."

"आणि मशीन?"

"भंगारात. कधीच."

इंटरनेट पालथं घातलं. या खेळाचे आवाज कुणी जपले नव्हते.

"पण नीट जुळला हे तुला कळायचं कसं?"

"कानात बसलेला असायचा." आणि त्याने तोंडाने गोळी झाडून दाखवली. मी मोबाइल त्याच्या तोंडापुढे धरला.

वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय ना!"

"बोलतोय कुठे? गोळ्या घालतोय!"

इंजिन घरघरलं. स्फोटाला तो असा खोकला की पाणी द्यावं लागलं. जादा जीव मिळाल्याचा सूर मात्र वर वर चढत जाणारा. तो अर्ध्यातच चिरकला. पुन्हा घेतला, पुन्हा चिरकला.

"राहू दे आज," दादा सवयीने म्हणाला. "ऑपरेशन झालं की करू."

मी खाली मान घालून तीन फाइलींना नावं देत बसले.

त्यानंतर, गळ्यावर पट्टी घेऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला. पडद्यावर आलं: एक फाइल सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा. त्याने दाबली. यान त्याच्या आवाजात घरघरलं. आणि कधी न हरणारा माझा भाऊ मुद्दाम दगडांखाली जाऊन उभा राहिला. स्फोट. पुन्हा स्फोट, मागे तोच खोकला. वहिनी ओल्या हातांनी दारात आली, तशीच उभी राहिली.

मग तो मन लावून खेळला. जादा जीवाचं यान कोपऱ्यात आलं, काही न बोलता.

"तेवढा सूर मी काढू का माझ्या तोंडाने?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नको.

आता रोज सकाळी ती ओळ येते, रोज तो कळ दाबतो.

"वन्सं," वहिनीने परवा हळूच विचारलं, "एवढी एक ओळ घालवता येत नाही का हो तुम्हाला?"

"येते," मी म्हणाले.