थोरलीचा तुकडा

लॅबमधल्या यंत्राचं नाव तिनं जावईबापू ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नव्हतं. दार उघडून द्यायचं, तपासणीसाठी पेशंटच्या अंगातून काढलेल्या तुकड्यांच्या डब्या पुढ्यात मांडायच्या, की साहेब आपले सुरू! तुकड्यांतलं पाणी काढणार, मेण भरणार, ठोकळे पाडणार, पातळ काप काढून काचेवर रंगवणारसुद्धा. पूर्वी मेणाच्या टेबलाभोवती चौघी बसायच्या. चिमट्यानं तुकडा मेणात सरळ बसवता बसवता सासवांचा उद्धार व्हायचा, हसून हसून पोट दुखायचं. आता तिघी इतर खात्यांत पांगल्या आणि ही एकटी जावईबापूंची सरबराई करत होती. बोलणार कुणाशी, भिंतीशी?

त्या दुपारी फोन वाजला. थोरली बहीण! आई गेल्यापासून दोघींचा अबोला होता. आईच्या आजारपणात ही इंजेक्शन द्यायला पुढे झाली, तर थोरली चारचौघांत म्हणाली होती, "तू नको. तुझ्या हाताला काही धड जमत नाही." ते जिव्हारी लागलं ते लागलंच.

"छातीत गाठ निघालीय माझ्या," थोरली म्हणाली. "तुकडा तपासायला काल तुमच्याकडेच पाठवायला लावला. डॉक्टर दुसरीकडे देत होते, मीच हट्ट धरला. म्हटलं, आपल्या माणसाच्या हातून होऊ दे. तूच केलास ना गं?"

कालच्या एकाही डबीवरचं नाव तिनं वाचलं नव्हतं. नावं आता यंत्रच वाचतं.

"थांब हं जरा," म्हणत तिनं फोन खाली ठेवला आणि ठोकळ्यांचा ट्रे ओढला. थोरलीच्या नावाचा ठोकळा सापडला. मेणात तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. पूर्वी नुसत्या नजरेनं सांगता यायचं, हा ठोकळा माझा, तो तिचा. आता सगळे सारखेच गुळगुळीत. तिनं तो मुठीत धरला. पण हाताच्या उबेनं मेण मऊ पडतं, पुन्हा काप काढायची वेळ आली तर पंचाईत. लगेच परत ठेवला. तिचा हात लागला तो एवढाच. तिला रडूच आलं.

"आहेस ना?" फोनमधून थोरली विचारत होती.

खरं सांगितलं तर ही बाई रात्रभर डोळ्याला डोळा लावणार नाही.

"हो गं. मीच केला."

"बरं झालं बाई." थोरली म्हणाली. "तेव्हा उगाच बोलले मी तुला. चांगला आहे तुझा हात."

हे ऐकायला तिचे कान किती वर्षं आसुसले होते! आणि ऐकायला मिळालं ते असं, न केलेल्या कामाबद्दल.

"रिपोर्ट घ्यायला येशील बरोबर?"

"येते."

फोन ठेवला. जावईबापू पुढच्या डब्यांसाठी पिपाणी वाजवत होते. "थांबा की, मेलं काय गाडी चुकतेय?" ती करवादली. मग एकेका डबीवरचं नाव मोठ्यानं वाचत ती डबी आत ठेवू लागली.