जीपचा खुराक

सुकन्या जीपखाली सरकली आणि तिच्या कपाळावर ऑईलचा थेंब पडला. तिनं तो बोटानं पुसून डोळ्यांसमोर धरला. पिवळाधमक आणि पातळ. बघता बघता बोटावरून मनगटाकडे पळाला. तिच्या जीपचं ऑईल असं नव्हतं. ते दाट, काळपट, साबणालाही दाद न देणारं.

दुसरा थेंब कुठून पडतोय ते तिनं मान वाकडी करून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या छिद्रातून. तिथून ऑईल गळतंय म्हणजे ते आधी क्लचला भिजवून खाली येत होतं. टेकडीच्या पायथ्याशी हलग्या वाजत होत्या, भैरोबाची जत्रा भरली होती, आणि दुपारी जीपचढाईची शर्यत होती.

"अण्णा!" ती खालूनच ओरडली. "इंजिनात काय वतलंय?"

तिच्या वडिलांच्या, गहिनीनाथांच्या करकरीत नव्या वहाणा जीपजवळ येऊन थांबल्या.

"खुराक," वरून आवाज आला, आणि त्या आवाजातला तोरा जीपखालीही ऐकू आला. "नगरला जाऊन वतून आणलाय काल. सगळ्यात भारीतला. शंथेटिक. आन टाकीत पेट्रोल बी भारीतलं भरलंय, फुल."

काल अण्णा फेटा आणायला म्हणून जीप घेऊन गेले होते. फेटा आणलाही होता. सुकन्या बाहेर आली तेव्हा तिला गोठ्याच्या कट्ट्यावर ऑईलचा रिकामा डबा दिसला. त्याला हळद-कुंकू लावलेलं होतं, वर झेंडूचं फूलही.

गहिनीनाथ गांगर्डे म्हणजे मिरजगावच्या पंचक्रोशीत बैलगाड्यांच्या शर्यतींतलं मोठं नाव. त्यांच्या बैलांना शर्यतीच्या आधी महिनाभर अंडी, दूध, बदाम आणि उडदाचं पीठ मिळायचं. घरात पोरांना चहा कोरा असला तरी बैलांचं दूध चुकायचं नाही. शर्यती बंद होत्या त्या वर्षांत बैल गेले. मग अण्णांनी लष्कराच्या लिलावातली एक म्हातारी पेट्रोल जीप आणून दारात बांधली. बांधली म्हणजे खरोखरच खुंट्याशेजारी उभी केली. तिच्यावर हात बसवला तो सुकन्यानं. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर टेम्पो जात नाही. तिथलं दूध रोज पहाटे कॅनमध्ये भरून डेअरीवर आणायचा धंदा तिनं या जीपवर उभा केला.

पण जीप अण्णांची होती, आणि अण्णांनी दिवाळीत सगळ्या भावकीसमोर सांगून टाकलं होतं, "जत्रेत सासू चढली, तर गाडी सुकीची. न्हाई चढली, तर हनुमंताकडं जाईल." सासू म्हणजे टेकडीवरची खडकाची उभी पायरी. कितीही करा, ती काही खूश होत नाही, म्हणून पोरांनी तिला हे नाव दिलेलं. आणि हनुमंत म्हणजे अण्णांचा पुतण्या, ज्याला जीपला झालर लावून ती लग्नाच्या वरातीत फिरवायची होती.

"कुणी सांगितलं हे घालायला?" सुकन्यानं विचारलं.

"कल्याणनं. त्यो त्याच्या गाडीत ह्येच घालतो."

कल्याण सावेडीचा. त्याची गाडी नवी कोरी, टर्बो इंजिनवाली. सकाळीच येऊन ती पिंपळाखाली चकाकत उभी होती.

"अवो अण्णा, त्याच्या इंजिनाला त्ये लागतंच. त्याचं इंजिन तापतं किती, फिरतं किती! आपलं म्हातारं हाय. त्याची सीलं झिजल्यात. दाट ऑईल हुतं म्हनून दम धरून हुती. ह्ये पातळ ऑईल फटीतनं निसटलं. क्लच भिजलाय."

"आन पेट्रोल?"

"पेट्रोल राहू द्या. त्यानं काय बिघडत न्हाई, आन काय वाढत बी न्हाई. ह्या इंजिनाला त्येच्यातला फरकच कळत न्हाई."

अण्णांनी डब्याकडे पाहिलं, मग जीपखालच्या ओल्या डागाकडे. त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजी माज्यामुळं?"

सुकन्याला खोटं बोलता आलं असतं. पण तिला राग आला होता, आणि रागाच्या आत रडू होतं. ज्या गाडीवर तिनं भल्या पहाटेच्या थंडीत हात फोडून घेतले, ती गाडी आज तिच्या हातून जाणार होती. तीही बदाम खाऊन.

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्यामुळं."

गहिनीनाथांनी नवा फेटा काढून काखेत धरला आणि ते देवळाच्या वाटेनं निघून गेले.

मग सुकन्याला वाईट वाटलं. जीप पुतण्याला देऊन टाकायची असती तर कुणी नगरपर्यंत जाऊन तिला खाऊपिऊ घालतं का? हे तिच्या डोक्यात आता आलं, आणि अण्णा तर दिसेनासे झाले होते. पण उभं राहून चालणार नव्हतं. तिची आई बायडाबाई घरातून आल्या त्या हातात ट्रॅक्टरच्या ऑईलचा कॅन घेऊनच. त्यांनी पडवीत बसून सगळं ऐकलं होतं.

"ह्ये दाट हाय न्हवं?" बायडाबाईंनी विचारलं.

"हाय."

"मग रडत काय बसलीस? काढ त्ये."

तळाचा नट सोडून सुकन्यानं ते महागाचं ऑईल घमेल्यात काढलं आणि ट्रॅक्टरचं ओतलं. थेंब बंद झाले. पण क्लच भिजायचा तो भिजला होता. तो खोलून पुसायला सबंध दिवस हवा होता, आणि शर्यतीच्या नावांचा पुकारा तर सुरू झाला होता. तिनं रस्त्यावर एक चक्कर मारून पाहिली. जोर दिला की इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं मात्र आपल्याच नादात.

टेकडीवर माणूस मावत नव्हता. भोंग्यावर सूर्यभान होता. बैलांच्या शर्यतींचा पुकारा करून घसा कमावलेला माणूस, त्यामुळे जीपलाही तो "जोडी" म्हणत होता. "आली रे आली, सावेडीची जोडी आली!" कल्याणची गाडी झोकात चढली, सासूपर्यंत आली, पुढचं चाक वर ठेवलं आणि आडवी घसरत खुंट्यांच्या दोरीबाहेर गेली. दोरी ओलांडली की बाद. मागं घरंगळलं की बाद. वाटेत थांबलं तर मात्र चालत होतं. श्वास घ्यायला कुणाला बंदी नव्हती. कल्याण हसत हसत खाली उतरला आणि कपाळाला हात लावून त्यानं सासूला नमस्कार केला. त्याच्यामागून आलेल्या गाड्यांचंही तेच झालं. सासूनं एकालाही उंबरा ओलांडू दिला नाही.

"मिरजगावची जोडी! गाडीमालक गहिनीनाथ गांगर्डे, धुरकरी त्यांची कन्या सुकन्या!"

बायांच्या बाजूनं एकच गलका झाला. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "खुराक दिलाय म्हनं जीपला!" आणि सगळी टेकडी हसली. अण्णांनी गावभर सांगून ठेवलं होतं तर.

सुकन्यानं चढासाठीचा लो गिअर टाकला आणि दुसऱ्या गिअरमध्ये जीप काढली. वेगात गेलं तर झटक्यात निघेल असा तिचा हिशेब. मुरमाचा चढ गेला, वळण गेलं. सासू समोर आली आणि जीपचं पुढचं चाक दगडाला भिडलं, तसं इंजिन ओरडलं, क्लच सुटला आणि जळका वास आला. जीप जागच्या जागी थरथरत राहिली. सुकन्यानं ब्रेक दाबला. थोडं आणखी रेटलं असतं तर जीप मागं आली असती.

तिनं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"अरारारा!" भोंग्यातून सूर्यभान हळहळला. "जोडी बसली, मंडळी, जोडी बसली!"

कुठेतरी हनुमंतानं शिट्टी मारली. सुकन्याला ती ऐकू आली. तिच्या मनात एकच विचार होता, की उद्या पहाटे वस्तीवरच्या बाया दुधाचे कॅन घेऊन वाटेवर उभ्या राहतील आणि जीप येणार नाही.

वस्तीची वाट आठवली आणि तिला एकदम सुचलं. त्या वाटेवर चढावरच शेळ्यांचा कळप आडवा यायचा. मागं काठोकाठ भरलेले कॅन. क्लच सोडताना जरा जरी हिसका बसला तरी दूध डचमळून झाकणातून बाहेर. म्हणून ती तिथं क्लचला पायच लावायची नाही. जीप पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चावी फिरवायची. स्टार्टरच जीपला हळू ओढायचा, आणि ओढता ओढता इंजिन पेटायचं. क्लच सुटायला वावच नाही. ओला क्लच एकदा घसरायला लागला की धरत नाही; पण पहिल्यापासून आवळून बसला, वर जोर दिला नाही, तर धरतो. निदान धरायला हवा.

आज ती दूध आणायला आल्यासारखी आलीच नव्हती. शर्यतीला आल्यासारखी आली होती.

तिनं पहिला टाकला. डावा पाय क्लचवरून काढून मांडी घालावी तसा बाजूला घेतला.

"सुके!"

दोरीपलीकडे, खडकांतून धडपडत, उघड्या डोक्यानं अण्णा वर येत होते. धोतराचा सोगा दातांत, छातीचा भाता झालेला. तिच्या दाराच्या समोर येऊन ते थांबले. सगळ्या टेकडीला वाटलं, आता हे पोरीला खाली उतरवणार.

"घाई करू नगं," ते म्हणाले. "तुज्या रीतीनं घे. तुला म्हाईत हाय."

तिनं चावी फिरवली.

स्टार्टर कण्हला. जीपनं वीतभर पुढं अंग ओढलं, पुढचं चाक दगडाच्या कडेवर चढलं, आणि इंजिन पेटलं. सुकन्यानं पेट्रोल दिलंच नाही. जीप आपल्या म्हाताऱ्या चालीनं, एक एक चाक उचलून, भरल्या पंगतीतून जपून पाय टाकत जावं तशी सासूवर चढली. मागचं चाक क्षणभर अधांतरी फिरलं. बायांनी तोंडावर हात नेले. मग तेही टेकलं, आणि जीप वरच्या सपाटीवर जाऊन भैरोबाच्या निशाणापाशी थांबली.

मग जे झालं त्याला गोंधळ हा एकच शब्द. हलग्या, शिट्ट्या, गुलाल. बायडाबाई आयुष्यात पहिल्यांदा दोरी ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेल्या आणि कुणी काही म्हणायला धजलं नाही. हनुमंत आधी तोंड पाडून उभा होता, मग हलगी फारच जवळ आली म्हणून नाचायला लागला. सुकन्या हसत होती आणि रडत होती आणि दोन्हींना गुलाल लागला होता.

बक्षिसाची ढाल द्यायची वेळ आली. शर्यतीचा रिवाज असा, की ढाल मालक घेतो; गाडी हाकणारा जनावरापाशी थांबतो. सुकन्या लहानपणापासून तेच बघत आली होती. ती जीपपाशी थांबली.

"गाडीमालक गहिनीनाथ गांगर्डे यांनी व्यासपीठावर यावं!" सूर्यभाननं पुकारलं.

अण्णा खाली सतरंजीवर बसले होते. ते उठले नाहीत. पुन्हा बांधलेल्या फेट्याचा शेमला नीट करत बसले. सूर्यभाननं पुन्हा पुकारलं. माणसं माना वळवून बघायला लागली. कल्याण गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं व्हिडिओ सुरू करून मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला.

"अण्णा, चला की वर. आणि आधी सगळ्यांना सांगा, शेवटी इंजिनात ऑईल कोणतं घातलं?"

बाजूच्या माणसांनी कान टवकारले. सकाळी हेच गृहस्थ चावडीवर सगळ्यांना भारीतलं, शंथेटिक म्हणून सांगत फिरले होते.

"मला काय इचारता?" गहिनीनाथ म्हणाले. "गाडीत काय वतायचं आन काय न्हाई, त्ये मालकाला इचारावं."

"मग तेच तर विचारतोय."

"मला न्हाई." अण्णांनी जीपकडे हात केला. "मालक थितं उभी हाय."

भोंग्यावर सूर्यभाननं घसा साफ केला. एवढ्या वर्षांत त्यानं असं नाव पुकारलं नव्हतं, तरी आवाज कुठं अडखळला नाही.

"गाडीमालक, सुकन्या गहिनीनाथ गांगर्डे!"

सुकन्या जागची हलली नाही. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पळ की!" खालून अण्णा ओरडले. "लोकं थांबल्यात."